पंधरा पौंड वायूची चोरी

आमच्या महाल वस्तीत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. महालात दुसरा गुप्तहेरच नाही, हा मुद्दा माझी बायको शोभा उगाच मध्ये आणते. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती... कशाची ते आत्ता आठवत नाही. सात वर्षांत मी अकरा प्रकरणं हाती घेतली. त्यातली काही आपोआप सुटली. मारुतीच्या देवळातलं सायंकाळचं कीर्तन मात्र चुकवत नाही. झांज माझ्याकडे असते. पूर्वरंगात गुन्हेगारांची लक्षणं कळतात, उत्तररंगात त्यांची दया येते.

कीर्तनाला तबल्यावर असतो चंपतराव. दिवसा तो कॉलेजच्या रसायनशाळेत कामाला. चौऱ्याहत्तरच्या मार्चात एका सकाळी तो टोपी हातात घेऊन दारात उभा.

"महादेवराव, मले काढून राहिले गा. म्हणतात, म्या गॅस सोडला."

प्रकरण असं. तिथले प्राध्यापक देशकर सर लोखंडी नळीत चुनखडी घालत, पंपानं आतली हवा ओढून काढत, तोंड बंद करून नळी भट्टीत तापवत. तापल्या चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. जितका सुटतो तितकाच परत चुन्यात शिरू लागला, की झाला समतोल. त्या वेळचा वायूचा दाब हाच सरांचा केपी. पुस्तकाप्रमाणे तो यायला हवा तीस पौंड, नळीला लावलेला दाबाचा मीटर दाखवायचा पंधरा. पाच वेळा पंधरा! झाकणाचे आटे चंपतराव आवळायचा, म्हणून चोर तोच. पाच वाजता त्याला काढल्याच्या कागदावर सही होणार होती. आणि आमचा तबला मुका.

मी भिंग उचललं. "चोरलेला वायू खपतो कुठे?"

"सोड्याच्या बाटलीत," शोभा भाजी निवडता निवडता म्हणाली.

झालं! सोडावाल्याकडे मी चार बाटल्या पुरावा म्हणून प्यायलो. ढेकर आले, कबुली आली नाही.

मग रसायनशाळा गाठली. "सर, चुनखडी कमी पडते. दुप्पट टाका!"

टाकली. काटा पंधरावरच. सर कडाडले, "अहो, घन पदार्थ केपीत धरत नाहीत! चिमूटभर असो की ढीगभर, दाब तोच!"

मला तत्काळ पटलं. कीर्तनात घोरणारे पाच असोत की पन्नास, टाळ्यांचा आवाज तोच.

तेव्हा मी सरांच्याच खिशांची झडती मागितली. वायू सापडला नाही. डस्टर मात्र अंगावर आला.

चार वाजले. चंपतरावाचा चेहरा पाहवेना.

"हा मीटर कुठला?" मी विचारलं.

"कॉलेजचा फुटला, तं म्या भीमाबाईच्या टायरच्या दुकानातून मागून आनला."

"अहा! म्हणजे मीटरच चोरीचा!"

"मागून आनला म्हणून राहिलो न गा!"

मीटर काढून घेतला आणि सरांनाही ओढत कामठी रोडवर नेलं. भीमाबाई ट्रकच्या चाकाशी झटत होती.

"बाई, तुमचा मीटर खोटं बोलतो!"

"काहून जी?" तिनं हात पुसून मीटर घेतला. "आता हा कशालेच लावला नाही. काटा कितीवर हाय?"

"शून्यावर."

"मंग इथं हवा नाही का? तुमी नाकात काय ओढून राहिले? बाहेरची हवा हा मोजतच नाही जी. तिच्याहून जास्त असन तेवढंच सांगते. तुमी पंपानं सारी हवा काढा, तरी काटा झिरोच्या खिळ्याले टेकूनच राहाते."

सर चुनखडीसारखे पांढरे पडले. "बाहेरच्या हवेचा दाब... पंधरा पौंड," ते पुटपुटले. पंधरा नि पंधरा तीस.

"माझा संशय पहिल्यापासून वातावरणावरच होता," मी जाहीर केलं. कोणी ऐकलं नाही.

पाचला दहा मिनिटं असताना सरांनी तो कागद स्वतः फाडला. "चंपतराव, चुकलो मी," म्हणाले. चंपतराव म्हणाला, "एकादशीले कीर्तनाले या सर."

एकादशीला नेमकी सर्कस आली. देवळातली सतरंजी मोकळी. पुढे एकटे देशकर सर, तेही घोरत. म्हणजे घन पदार्थ, धरायचेच नाहीत. कीर्तनकार बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"चंपतराव, ऐकायला शून्य माणसं. कोणासाठी गाऊ?"

चंपतरावानं एकदा मारुतीकडे पाहिलं आणि तबल्यावर थाप दिली.

"सुरू करा बुवा. काटा झिरोवर असन, पंधरा पौंड हायेतच इथं."