शेषरावभाऊंची गाळणी

गणपतीच्या भजनांच्या पुस्तिकेत ओळीओळीला रिकामे चौकोन छापून घेणारी बाई अख्ख्या बदनापुरात एकच झाली, आणि ती मी. तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची होते. वय अल्लड, समज यायची होती.

चौकोनांकडे येतेच, पण आधी शेषरावभाऊ. स्टेशन रोडला त्यांचं टायपिंग आणि छपाईचं दुकान. या माणसाला कागदावर सजावट सोसत नाही. कॉम्प्युटरात त्यांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम आहे, त्याला ते ‘गाळणी’ म्हणतात. माऊसला हात न लावता काळ्या पडद्यावर एक बारकासा शब्द टाइप करायचा आणि एंटर हाणायचं. एका बाजूनं नटलेला मजकूर आत जातो, दुसऱ्या बाजूनं आंघोळ करून बाहेर येतो. ठळक करायच्या खुणा, अधोरेखा, वेलबुट्टी, उगाच सोडलेल्या जागा, सगळं साफ. “आधी गाळा, मंग छापा,” हे त्यांचं ब्रीद.

एकानं पोराची लग्नपत्रिका आणली होती. चहूबाजूंनी पोपट, वर चारोळी. पोपट गाळणीनं खाल्ले, चारोळी भाऊंनी हातानं काढली.

“अहो, राह्यलं काय मंग?”

“पोरगा, पोरगी, तारीख, जेवण. अजून काय लागतं लग्नाला?”

बोलणंसुद्धा त्यांना गाळलेलंच लागतं. मी एकदा सुनेची तक्रार अगदी मुळापासून सांगत होते. भाजी कुठून आणली, कढई कोणती, ती काय म्हणाली, मी काय म्हणाले. ते ऐकून म्हणाले, “म्हणजे भाजी खारट झाली. पुढं?”

पुढं काहीच नव्हतं हो!

तर आमच्या मंडळाच्या बायकांनी रचलेली भजनं छापायची ठरली. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, जीप करून राजूरच्या गणपतीला जायचं आणि पुस्तिका हातात धरून गायचं. सगळ्यांत म्हाताऱ्या राधामावशी. त्यांचं नाव जन्मात पहिल्यांदा छापून येणार होतं, आणि ही बातमी घनसावंगीला माहेरापर्यंत पोचली होती.

मजकूर मी मोबाईलवर टाइप केला. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की मोबाईलवर तो ठळक दिसतो, हे नातीनं नुकतंच शिकवलेलं. मग काय, एक शब्द मोकळा सोडला नाही. वर फुलं, दिवे, जोडलेले हात. प्रत्येक भजन संपलं की खाली एका ओळीत नुसत्या तीन चांदण्या.

भाऊंनी मजकूर गाळणीत घातला आणि माझी फुलबाग उजाड झाली.

“भाऊ, भजनांचं जावळ काढलंत की हो!”

“बरं झालं न. आता तोंड दिसून राह्यलं.”

मग कागदाचा गठ्ठा आणायला ते बाहेर पडले. “आल्यावर बराबर छापू वैनी. तंवर हात लावू नका.”

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात लावला नाही. नंतर नटलेला मजकूर उघडला आणि छपाईचं बटण दाबलं. मशीन मोठ्या आनंदानं चाललं. दुकानातला होता नव्हता तो कागद संपल्यावर मी पहिलं पान उचललं. ठळक काहीच नाही! शब्दाशब्दाभोवती चांदण्या डासांसारख्या बसलेल्या, आणि फूल, दिवा, हात यांच्या जागी रिकामे चौकोन. राधामावशींचं नाव तर दोन चौकोनांच्या मधे, खिडकीतून बाहेर डोकावल्यासारखं.

भाऊ गठ्ठा खांद्यावर घेऊन आले. पान हातात घेतलं, चष्मा लावला आणि चक्क चालीवर गायला लागले, “चांदणी मोरया चांदणी, चौकोन चौकोन चौकोऽन...”

रडायचं की हसायचं ते मला कळेना. हसूच आधी आलं.

“असं गायलं तर मृदंगवाला पळून जाईल, वैनी.”

“राधामावशीला मी काय तोंड दाखवू, भाऊ?”

“कागद आणलाय न? हाणा एंटर.”

एंटर मी हाणलं. या खेपेला गाळलेलं छापलं. राधामावशींचं नाव पांढऱ्या कागदावर मोकळं, ऐटीत उभं. मला मनातून पटलं होतं, पण हरायची सवय नव्हती. भजनांच्या शेवटी बघते तर तीन चांदण्या तशाच!

“तुमची गाळणी फुटकी आहे, भाऊ. या बघा निसटल्या!”

ते हसले नाहीत. त्या चांदण्यांवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं. “निसटल्या न्हाईत. सोडल्यात. आमची मंदा टायपिंग करायची तव्हा काम संपलं की खाली तीन चांदण्या मारायची. मशीनमधून त्या निघाल्या का मला कळायचं, झालं, आता चहा. गाळणी केली तं तिनं त्याबी खाल्ल्या. मंदानं चहा बंद केला. मंग म्हणलं, बाई, तेवढ्यापुरतं भोक ठिवतो.”

मंदा म्हणजे भाऊंची बायको. तिला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. तिच्या हातचा चहा मी कितीदा तरी प्यायले होते, पण चांदण्यांची ही गोष्ट मात्र ठाऊक नव्हती.

राजूरला आम्ही दणकून गायलो. राधामावशींनी आपलं नाव पेढेवाल्याला दाखवलं, जीपवाल्याला दाखवलं, रांगेतल्या अनोळखी माणसांना थांबवून थांबवून दाखवलं.

परत आल्यावर मी भाऊंना प्रसाद द्यायला गेले. पेढा तोंडात टाकून, काळ्या पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “फुलं, दिवे, काय टाकायचं ते टाका वैनी, मी गाळतो. पण शेवटी तीन चांदण्या टाकत जा. भोक ठिवलंय, पण मंदा गेल्यापास्नं तुमच्याआधी त्यातून कोणी आलंच न्हाई.”