लिलाधर सरांची चौथी पायरी

लिलाधर सरांना लाखांदूरजवळच्या शाळेतून त्याच संस्थेच्या लाखनीच्या शाळेत बदली हवी होती. घर लाखनीत, बायको-मुलगी लाखनीत, आणि सर रोज दोन एसट्या बदलून जीव मुठीत धरून येत-जात. सचिवांकडे त्यांनी चार अर्ज दिले होते. चारही अर्ज सचिवांच्या टेबलावर सुखाने नांदत होते.

तरी माणूस शिकवण्यात चोख. नववीकडून त्यांनी निबंधाच्या पाच पायऱ्या घोटवून घेतल्या होत्या. विचार करा, मुद्दे काढा, कच्चं लिहा, जाणत्या माणसाला दाखवून सुधारा, मग पक्कं उतरवा. विषय दिला, 'आमचा तलाव'. "चौथी पायरी कोणी गाळायची नाही," असं त्यांनी वर बजावलं आणि तिथेच ते फसले.

वर्गातल्या खुशबूने कच्चा निबंध आजोबांना दाखवला. मनिराम आजोबा म्हणजे गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. तीस वर्षांत या गृहस्थांनी अर्ज आणि ठराव सोडून तिसरं काही वाचलं नव्हतं.

"'तलाव पहाटे गालातल्या गालात हासते'? हे कोणत्या हाफिसात चालन?" आजोबा म्हणाले. "मांगणी कुठी हाय याच्यात?"

"आबाजी, निबंधात मांगणी नाही रायत."

"मंग लिवून कायले राहिली?"

कागद सोसायटीच्या सभेत गेला. तिथे कुठलाही कागद मोठ्याने वाचायचा, ज्याला वाटेल त्याने दुरुस्ती सुचवायची आणि शेवटी सगळ्यांनी सह्या करायच्या, अशी रीत. सभासद शकुनबाईंनी पहाट काढून तलावाची फुटकी पाळ घातली. दुसरे सभासद परसराम यांनी कमळं काढून तलावात माजलेली बेशरमाची झुडपं घातली. हसणारा तलाव एकमताने नामंजूर झाला.

सोमवारी सरांच्या हाती जो निबंध पडला, त्याची सुरुवात 'महोदय' अशी होती. शेवटी सदतीस सह्या, चार अंगठे आणि सोसायटीचा शिक्का.

"हे काय गं?"

"चौथी पायरी, सर. तुमीच त म्हटलं होतं." खुशबू कसनुशी झाली. "एक प्रत तहसीलातबी गेली."

सरांनी तिला दहापैकी दोन गुण दिले. दहा दिवसांनी तलावाच्या पाळीवर जेसीबी येऊन उभा राहिला. सरांनी गुपचूप दोनाचे नऊ केले आणि विचारात पडले. आपण चार अर्ज लिहिले, पण जाणत्या माणसाला एकदाही दाखवले नाहीत.

संध्याकाळची एसटी सोडून ते पाचवा अर्ज घेऊन मनिराम आजोबांकडे गेले.

"आबाजी, एवढं जरा सुधारून द्या."

"फिकर नोका करू, गुरुजी. सभेत ठेवतो आन् थेट सचिवालेच धाडतो."

सरांनी घरी बायकोला सांगून टाकलं की आता डबा बंद. आठव्या दिवशी सचिवांचं पत्र आलं, 'अर्ज मंजूर.' सरांनी तडक पेढे आणून वर्गात वाटले आणि मग सोबत जोडलेली प्रत वाचायला घेतली. या वेळी गावभरच्या एकशे बारा सह्या होत्या. 'माझी लाखनीला बदली करावी' यावर काट मारून वर लिहिलं होतं, 'आमच्या गुरुजींची बदली कदापि करू नये.'

सरांना त्या सह्यांचं अप्रूपही वाटलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला.

"सर, तुमचा अर्ज चांगला होता," खुशबू पेढा खात समजुतीने म्हणाली. "मांगणी तेवढी चुकली होती. सभेनं सुधारली."