आयलिफला टीव्हीसमोर बसवण्याचा प्रयोग

माणसाच्या डोक्यातली अंधश्रद्धा काढणे हे दाढ काढण्यासारखे असते, असे माझे ठाम मत होते. पकड योग्य हवी, कोन योग्य हवा आणि जोर पुरेसा हवा. मग काम झालेच! जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे जमणार नाही, तर कोणाला जमणार? म्हणून त्या रविवारी मी माझ्या बायकोला, ओशिल्डला, जाहीरपणे सांगितले, "आज आयलिफ आपल्या सोफ्यावर बसून रूनाची शर्यत बघणार. मी त्याला बघायला लावणार!"

ओशिल्ड वॉफलचे पीठ घोटत होती. "गाउते, त्याच्या गॅरेजातला दिवा दुरुस्त करायला निघालास तेव्हाही असंच छाती काढून बोलला होतास," ती म्हणाली. "बिचारा अजून अंधारात चाचपडतोय."

आयलिफ आमचा शेजारी. हिवाळाभर खिंडीतल्या रस्त्यावरचे बर्फ उपसणारे अजस्र यंत्र चालवतो. डोक्यावर हिमकडा लटकत असला तरी हा गडी निवांत जांभई देईल. जगात तो एकाच गोष्टीला घाबरतो, ती म्हणजे स्वतःच्या मुलीला टीव्हीवर पाहणे! त्याने पडद्यावर नजर टाकली रे टाकली की रूना स्कीवरून घसरून पडते, असा त्याचा दावा होता. आणि आज जागतिक स्पर्धेच्या रिले शर्यतीत नॉर्वेचा शेवटचा टप्पा रूनाकडेच होता! तिची आई तिकडे मैदानाच्या कडेला उभी होती. आयलिफ गेला नव्हता. "टीव्हीतून एवढं नुकसान करतो मी. समोर जाऊन उभा राहिलो तर पोरीचा पायच मोडेल!"

पण आदल्या दिवशी रूनाचा फोन आला होता. "बाबा, या वेळी बघ हं. मी जीव तोडून चढ चढत असते आणि तू कुठंतरी तोंड लपवून बसलायस, हे मला ठाऊक असतं. फार एकटं वाटतं रे." आयलिफने तिला शब्द दिला होता.

शब्द पाळायला तो आला आणि सोफ्यावर पडद्याकडे पाठ करून, वर तोंडासमोर उशी धरून बसला. सोबत तोर्दिस मावशी होत्या. रूनाला लहानपणी स्कीवर उभे राहायला त्यांनीच शिकवले होते. बाहेर लख्ख ऊन पडले होते. अशा रविवारी घरात बसणे हा आमच्याकडे जवळजवळ गुन्हाच. स्कीची शर्यत चालू असली तरच माफी मिळते.

"आयलिफ," मी सुरुवात केली, "आपला टीव्ही इंटरनेटवरून चालतो. चित्र अर्धा मिनिट उशिरा येतं. तुला जे दिसतं ते आधीच घडून गेलेलं असतं. घडून गेलेल्या गोष्टीला तुझी नजर कशी पाडणार?"

आयलिफ विचारात पडला. यश दारात उभे आहे असे मला वाटले!

"आणि रेडिओ?" त्याने विचारले.

"रेडिओ जवळजवळ त्याच क्षणी सांगतो."

"म्हणजे पुढच्या अर्ध्या मिनिटात ती पडणार की नाही, हे रेडिओला आधी कळतं! मग तू रेडिओ ऐक. ती धड असली की फडकं हलव. तेवढंच मी बघतो."

या तर्कात मला चूक सापडेना. खरे तर तो माझाच तर्क होता. फक्त उलटा करून अंगात घातलेला!

अशा रीतीने विज्ञानाचा हा पाईक कानांत इयरफोन खुपसून, खिशात रेडिओ ठेवून आणि हातात भांडी पुसायचे फडके घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. रूना निघाली. मी फडके हलवले. आयलिफने तोंडासमोरची उशी खाली घेतली आणि पडद्याकडे वळून पाहिले. रूना पहिल्या क्रमांकावर! मी पुन्हा हलवले. अजून पहिलीच! आयलिफचा चेहरा उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा सैलावला.

"अबब, काय पळतेय पोरगी!" तो ओरडला. तोर्दिस मावशी मात्र टीव्ही सोडून माझ्याच तोंडाकडे पाहू लागल्या. "मला उशिराची बातमी नको," त्या म्हणाल्या. "मी थेट प्रक्षेपण बघते."

आणि तेवढ्यात रेडिओ किंचाळला. उतारावर मागून येणाऱ्या स्पर्धकाची स्की रूनाच्या स्कीत अडकली होती. रूना पडली होती!

पडद्यावर ती अजून दिमाखात पुढे होती. आयलिफ डोळे भरून पाहत होता. माझ्याकडे अर्धा मिनिट होते. सुशिक्षित माणसाला तेवढ्या वेळात पुष्कळ पर्याय सुचतात. मी त्यांतला सर्वांत मूर्खपणाचा निवडला. धावत जाऊन घराचा मेन स्विच पाडला!

टीव्ही विझला. वॉफलचे यंत्र निवाले. "काय झालं?" आयलिफ ओरडला.

"वीज गेली," मी म्हणालो.

"गेली कुठली? तुझ्याच अंगावर पडलेली दिसतेय!" तोर्दिस मावशी म्हणाल्या.

मी नकारार्थी हात हलवला, त्यात इयरफोनची वायर अडकली, निसटली, आणि माझा खिसा खणखणीत आवाजात बोलू लागला, "पडलेली रूना उठली आहे! पण ती आता चौथी!"

आयलिफ उभा राहिला. त्याने काळ्या पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"टीव्ही बंद होता," तो हळूच म्हणाला. "मी बघत नव्हतो. तरी पडली!" आणि मग छत हादरेल अशा आवाजात, "माझ्यामुळं पडत नाही ती! मी निर्दोष आहे!"

येथे एक तपशील दुरुस्त करणे आवश्यक होते. रूना प्रत्यक्ष पडली, त्या क्षणी टीव्ही चालू होता आणि आयलिफ पापणीही न लववता तिच्याकडे पाहत होता. मी तोंड उघडले. ओशिल्डने त्यात अर्धेकच्चे वॉफल कोंबले.

"एक अक्षर बोललास तर बघ," ती कानाशी पुटपुटली.

ओशिल्डने गुपचूप स्विच वर केला. वीज आली, पण टीव्हीचा डबा शुद्धीवर येईना. पडद्यावर नुसते 'प्रतीक्षा करा'! "माझ्याकडं चला!" आयलिफ गरजला आणि आम्ही बूट न घालता, लोकरी मोज्यांवर, गुडघाभर बर्फातून त्याच्या घरी धावलो. धुळीने माखलेला टीव्ही त्याने स्वतःच्या हाताने लावला. शेवटचा चढ! रूना अजून चौथी, आणि तिसरी खूप पुढे.

माझा मोजा भिजून गोठला होता. तो काढायला मी एक पाय उचलला, आणि नेमके त्याच क्षणी अंतर कमी होऊ लागले.

"हलू नकोस!" आयलिफ, तोर्दिस मावशी आणि माझी सख्खी बायको एकदम ओरडले.

"याचा काडीइतका संबंध नाही!"

"नसू दे! पण हलू नकोस!"

मी बगळ्यासारखा उभा राहिलो. रूना जवळ आली. बरोबरीला आली. शेवटच्या पावलाला तिने स्कीसकट पाय अंतिम रेषेपुढे झोकला. तिसरी! आमच्या देशात कांस्यपदकाचे स्वागत साधारणपणे शोकसभेने होते. स्की वेगाने घसरावी म्हणून तिला मेण कोणी लावले होते, याची चौकशी सुरू होते. त्या दिवशी मात्र आयलिफने तोर्दिस मावशींना उचलून गरागरा फिरवले.

थोड्या वेळाने फोन वाजला. "बाबा, बघितलंस?"

"बघितलं पोरी! शेवटचा चढ अख्खा बघितला!" त्याच्या दाढीतून पाणी ओघळत होते. "पुढच्या रविवारीही बघणार. आता कशालाच भीत नाही मी!"

त्याने फोन ठेवला, नाक पुसले आणि जरा संकोचून माझ्याकडे पाहिले. "गाउते, रविवारी मोकळा आहेस ना रे?"

असल्या थोतांडाला मी कदापि साथ देणार नव्हतो. प्रयोगातल्या अटी जशाच्या तशा राहाव्यात, एवढ्याच हेतूने मी विचारले, "डावा पाय होता की उजवा?"