दोन्ही कानांनी

नवा बोर्ड: ‘उत्कृष्ट केंद्र’, निळ्या दिव्यांत.

औषधाचा फ्रीज: चार अंश. कालही चार, परवाही चार.

चौथा डोस: शुक्रवार, संध्याकाळी पाचच्या आत. चुकला की चाचणीतून नाव बाद.

गाठ: लिंबाएवढी होती, आता हरभऱ्याएवढी.

पहिल्या तीन गोष्टी कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी चालणाऱ्या त्या केंद्रात लिहिलेल्या होत्या. चौथी शिवणकाकूंनी स्वतः चाचपून ठरवली होती. चाळीस वर्षं कपडे शिवून त्यांचे हात तयार झाले होते, आणि कानही. मशीन कुठं कुरकुरतंय हे त्या दुसऱ्या खोलीतून सांगत.

मंगळवारी रक्त द्यायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “सिस्टर, फ्रीजचा आवाज ऐकू येत नाही हो.”

सिस्टर मान वर न करता लिहू लागल्या. पेशंटच्या तोंडून पडलेला शब्द न् शब्द दुष्परिणामांच्या फॉर्मात गेला पाहिजे, अशी केंद्राची शिस्त. “कधीपासून?”

“आजच. भिंतीपलीकडे सारखं घुंघुं चालायचं ना, ते बंद.”

“दोन्ही कानांनी?”

“अहो, मी फ्रीजचं म्हणतेय!”

‘चिडचिड,’ सिस्टरनी पुढच्या रकान्यात लिहिलं.

शेजारच्या खुर्चीतले पोस्टमनकाका म्हणाले, “मलाही नाही येत बुवा.” त्यांचाही फॉर्म भरला गेला.

बुधवारी औषध कंपनीची पाचावर धारण बसली. एकाच केंद्रात, एकाच दिवशी, दोघं बहिरे! डोस थांबवा, कान तपासा. गुरुवारी काकूंच्या कानांवर डबडी चढवली. बारीकातली बारीक शिट्टीही त्यांनी सोडली नाही.

“कान ठणठणीत आहेत,” सिस्टर म्हणाल्या.

“मग तर प्रकरण गंभीर,” डॉक्टर म्हणाले. “बहिरेपण येतं आणि जातं.”

“डॉक्टर, उद्या माझा डोस आहे,” काकू म्हणाल्या. ते मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

शुक्रवारी तीनला कंपनीच्या तपासनीसबाई आल्या. डॉक्टरांनी आधी निळा बोर्ड दाखवला, मग तापमानाची वही. एक खाडाखोड नाही.

“बाई, जरा इथं बसा,” काकूंनी खुर्ची थोपटली. “काय ऐकू येतं?”

बाईंनी भिंतीला कान लावला. “काहीच नाही.”

सिस्टरनी सवयीनं नवा फॉर्म काढला.

बाई तडक उठल्या आणि फ्रीज उघडला. दिवा लागला नाही. बाटल्या कोमट. वहीत आजचे संध्याकाळी पाचचे चार अंशही भरून तयार होते.

“पिन कुणी काढली?” डॉक्टर गरजले. “झाडूवाल्या मावशींना बोलवा!” मावशींना लेखी ताकीद मिळाली.

“त्यांचं नंतर बघा,” काकू म्हणाल्या. “साडेतीन झाले. माझी बाटली?”

बाईंनी डोसवरची बंदी तिथंच उठवली. फोन फिरले. गावातल्या दुसऱ्या, बोर्ड नसलेल्या केंद्रातून बर्फाच्या पेटीत बाटली निघाली. पावणेपाचला काकूंच्या हातात सुई गेली.

“काही त्रास होतोय?” सिस्टरनी विचारलं.

काकूंनी ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली.

‘वाचा गेली,’ सिस्टरनी लिहिलं.

त्या आठवड्याच्या सोमवारी संध्याकाळी निळा बोर्ड लावताना सॉकेट एकच होतं, आणि फ्रीजची पिन डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं काढली होती.