स्काल्फी आवडतो की नाही?

म्युनिकमध्ये घर कसं मिळवायचं, ते मला विचारा! घरमालकाला जे आवडतं तेच आपल्याला आवडतं म्हणायचं. बस्स! सात महिन्यांत एकतीस नकार पचवून लावलेला शोध होता हा.

बत्तिसावं घर ड्रेक्सलर नवराबायकोचं. ते खाली राहायचे, वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. त्यांच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर भिंतभर फोटो! रेनातो स्काल्फी, इटालियन फुटबॉलपटू. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण फोटोला हार घालायचाच काय तो बाकी होता!

"वा! स्काल्फी! माझा लाडका!" मी ओरडलो. खरं तर नाव फोटोखालीच वाचलं होतं.

हेर ड्रेक्सलर, म्हणजे नवरोबा, बीटासारखे लाल झाले. "शेवटच्या मिनिटाला गोल मारून त्यानं माझा क्लब खालच्या लीगमध्ये ढकलला! हा फोटो बायकोनं लावलाय!"

"तेच म्हणतोय मी! चोर आहे लेकाचा!"

"कोण चोर?" मागे केकचा ट्रे घेऊन फ्राऊ ड्रेक्सलर उभ्या!

"म्हणजे... मनं चोरणारा!"

फ्राऊ विरघळल्या. हेर भडकले. "आल्झो, म्हणजे तुम्हीही हिच्याच बाजूचे! या घरात एक तर तो राहील, नाहीतर मी!"

"मग बॅग भर!" फ्राऊ म्हणाल्या.

माझी बायको यामिनी शेजारून दातओठ खात पुटपुटली, "श्याम, आता एक शब्द बोललास तर बघ!"

पण माझं डोकं फिरलं होतं. सात महिने एका खोलीत दोघं! सुटकेसवर पोळ्या लाटतोय आम्ही! आणि हे कुठल्या म्हाताऱ्या गोलावरून भांडतायत? डेर-डी-डासच्या व्याकरणाची पर्वा न करता मी जर्मनमध्ये कडाडलो, "पंधरा वर्षं झाली हो! ढेरी सुटली असेल त्याची! टक्कल पडलं असेल! कशाला भांडता? घर देताय की नाही?"



"ढेरी!" हेर खूश झाले. "गेनाऊ! अगदी बरोबर!"

"खोटं!" फ्राऊंनी स्काल्फीचा ताजा फोटो छापलेलं साप्ताहिक यामिनीपुढे आपटलं. "तूच सांग!"

यामिनीनं फोटो नीट पाहिला. जरा जास्तच नीट. "नाही हो. अजूनही काय छान दिसतो!"

फ्राऊंनी तिला मिठीच मारली. किल्ल्या तिथल्या तिथे हातात!

आता दर रविवारी खाली स्काल्फीच्या चाहत्या जमतात. अकरा बायका, यामिनी सेक्रेटरी! हाकलले गेलेले हेर ड्रेक्सलर वर आमच्या स्वयंपाकघरात येतात, माझ्या हातचे पोहे खातात आणि स्काल्फीला मनसोक्त शिव्या घालतात. मलाही घालायच्या असतात हो, पण अगदी हळू आवाजात. भाडेकरारावर सही यामिनीची आहे ना!