पुदिन्याची कायम नेमणूक

आमच्या सासूबाईंना चहात पुदिन्याचं एक ताजं पान हवं होतं. मागणी साधी होती, न्याय्य होती, आणि त्यात कुणाच्या बापाचं काही जाणार नव्हतं. म्हणून मी पुदिन्याची एक छोटी कुंडी आणली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली. इथपर्यंत माझी काहीही चूक नाही.

चूक झाली ती पुढे. मामंजी नुकतेच निवृत्त झालेत, हे मी विसरले. कुणाला नोकरीत घ्यायचं, कुणाला कायम करायचं, कुणाची रजा नामंजूर करायची, हेच त्यांनी जन्मभर केलं. आता घरात त्यांच्याकडे रजासुद्धा कुणी मागत नव्हतं. माणूस बसून बसून आंबला होता. त्यांनी कुंडी पाहिली आणि बऱ्याच दिवसांनी चष्मा पुसला.

सकाळी सासूबाई आधण ठेवून पान खुडायला गेल्या, तर मागून आवाज आला, "हात लावू नकोस. तो परिवीक्षेवर आहे."

"कशावर?"

"नवीन आहे. अजून नीट रुजू व्हायचाय."

"अहो, मला एक पान हवंय. एक!"

"कारण?"

"चहा."

"चहा हे कारण नाही. चहा ही सवय आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, आणि ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. सासूबाईंनी आपल्या कान तुटलेल्या कपात बिनपुदिन्याचा चहा ओतला आणि तोंड वाकडं करून प्यायल्या.

स्वयंपाकघरात वाफ लागते, म्हणून कुंडीची बदली हॉलमध्ये झाली. हॉलमध्ये उजेडाची जागा टीव्हीने अडवली होती, म्हणून टीव्ही कपाटावर चढला. आम्ही माना वर करून बातम्या बघू लागलो. मग पंख्याने पानं थरथरतात असं आढळून आलं. पंखा बंद झाला आणि आम्ही थरथरू लागलो, रागाने. शेवटी कुंडी मामंजींच्या खोलीत गेली. तिथे सासूबाईंच्या घोरण्याने पुदिन्याची झोपमोड होते, असा निष्कर्ष निघाला. सासूबाई सोफ्यावर आल्या.

"मी बाजारातून जुडी आणू का?" मी विचारलं.

"अवश्य," मामंजी म्हणाले. "पण हंगामी म्हणून."

मी जुडी आणून पाण्याच्या पेल्यात ठेवली. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई रुसून बहिणीकडे गेल्या. चांगल्या आठवडाभराने परत आल्या, तोवर काड्यांना पांढरी बारीक मुळं फुटली होती. मामंजींनी पेला उजेडात धरला. त्यांचा चेहरा असा उजळला, की नातू झाल्यावरही तसा उजळला नव्हता.

"सलग सेवा झाली!" ते म्हणाले. "आता ह्यांना काढता येणार नाही. सगळे कायम!"

प्रत्येक काडीला स्वतंत्र कुंडी मिळाली. खिडक्या भरल्या, मग जेवणाचं टेबल भरलं, मग न्हाणीघर. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायचो आणि पुदिन्यासमोर संकोचून आंघोळ करायचो. घरभर पुदिनाच पुदिना, आणि चहात पान नाही ते नाहीच.

एका सकाळी सासूबाईंचा बांध फुटला. "काल आलेल्या काडीला कायम केलंत! मी जन्मभर तुमचा संसार ओढला, मला कधी कायम केलंत?"

मामंजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुझं प्रकरण," ते म्हणाले, "विचाराधीन आहे."

सासूबाईंनी कात्री उचलली. खिडकी, टेबल, न्हाणीघर, कचाकचा, कचाकचा! मागे फक्त खुंट उरले. मामंजी त्या खुंटांशेजारी बसून राहिले आणि "सरसकट कपात..." असं पुटपुटत राहिले. मला त्यांची खरंच दया आली. सासूबाईंनी तर कापलेला पाला रागाच्या भरात कचऱ्यात टाकला होता, त्यामुळे तेव्हाही चहा बिनपुदिन्याचाच राहिला.

पण पुदिन्याची जातच निर्लज्ज. थोड्याच दिवसांत एकेका खुंटाला दोन-दोन फांद्या फुटल्या. मामंजी ताडकन उठले. "पाहिलंत? कपातीशिवाय कुणी कामाला लागत नाही. मी हेच तर सांगत होतो!" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सासूबाईंना पान खुडून दिलं.

आधणात पान पडलं. घरभर वास दरवळला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो कान तुटलेला कप पुढे ओढला आणि मला राहवेना.

"आई, आज तरी कपाटातले ते नवे कप काढू का? सोनेरी काठाचे?"

"वेड लागलंय का तुला?" दोघं एका सुरात ओरडले. "ते पाहुण्यांसाठी आहेत!"

मी जुनेच कप मांडले. खरं तर ते कप मीच आणले होते आणि आत ठेवून कुलूपही मीच लावलं होतं.

हसताय? हसा खुशाल. पण हसून झालं की जरा तुमचं काचेचं कपाट उघडा, आणि आतले किती जण अजून परिवीक्षेवर आहेत ते बघा.