मोजलेलं शून्य

वायुनगरात दोन माणसांना एका खोलीत बसायचं असेल, तर आधी त्यांचा जोड-गुणांक मिश्रण कार्यालयातून काढून घ्यावा लागतो. नियम मुळात सिलिंडरमधल्या वायूंचा. प्रत्येक वायूचा स्वतःचा आकडा असतो. दोन वायू एकत्र आले की आकड्यांचा गुणाकार करायचा, वर्गमूळ काढायचं, आणि त्या जोडीच्या गुणांकाने ते दुरुस्त करायचं, म्हणजे दाब किती होईल ते कळतं. माणसांनाही तो लागू पडतो असं आढळल्यावर नगरपालिकेने तो लागू केला. कुणी कुरकुर केली नाही. उलट सासू-सुनांना खिडकी उघडी ठेवायचं कारण लेखी मिळालं.

रघुवीर पागधरे एकतीस वर्षं या कार्यालयात गुणांकांची वही लिहीत होते; तिच्यात दर माणसाची एक ओळ आणि दर माणसाचा एक रकाना. ज्या जोडीचं मोजमाप झालेलं नाही तिथे शून्य धरायचं, अशी पद्धत होती, आणि पागधऱ्यांइतकं गोल शून्य दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्यांची स्वतःची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांचीच होती. आईबरोबरचा आकडा मोजायचा राहून गेला आणि आई गेली. शून्य म्हणजे दोघांचं एकमेकांशी काही नाही, असं लोक समजत. शून्य म्हणजे कुणी मोजलंच नाही, हे पागधऱ्यांना ठाऊक होतं. पण जेवणाच्या सुट्टीत एकट्याने डबा खाताना त्याचा काही उपयोग होत नसे.

मार्चमध्ये वही नव्याने छापायचं ठरलं. परिपत्रक आलं, की ज्या ओळीत एकही मोजलेला आकडा नाही ती वगळावी. ओळ गेली की कुणाच्याही घरी बसता येणार नव्हतं. पागधरे तसे कुणाकडे जात नसत. पण आता जाताच येणार नाही, हे त्यांनी दोनदा वाचलं.

मोजमापाच्या अर्जावर दुसऱ्या माणसाची सही लागते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते आवक खिडकीवरच्या दमयंती चुरींपुढे अर्ज घेऊन उभे राहिले.

"चुरीबाई, तासभर बंद खोलीत बसावं लागेल. बोलायची सक्ती नाही."

"जावेबरोबर तीन तास बसलेय मी, साहेब. काच तडकली होती," असं म्हणत त्यांनी सही केली.

खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीवर दाबमापक. चुरीबाईंनी पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्या आणि थोड्या वेळाने निम्म्या पागधऱ्यांपुढे सरकवल्या.

"किडका दाणा बाजूला ठेवा."

"हो."

एवढंच बोलणं झालं. काटा किंचित खाली आला. दोघं एकमेकांना ओढून धरत असले की दाब उतरतो, हे पागधऱ्यांनी हजार वेळा लिहिलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. त्यांना फार बरं वाटलं. ते शेंगा सावकाश सोलू लागले.

तासाने निरीक्षक बेलसरे आले आणि काट्याला नाक लावून उभे राहिले.

"फरक आहे, पण यंत्राच्या चुकीपेक्षा कमी. शून्यच धरावं लागेल."

"मोजलेलं ना?" पागधऱ्यांनी विचारलं.

"मोजलेलं."

चुरीबाईंनी दाणे पिशवीत भरले, टरफलं कागदात गुंडाळली आणि त्या बस गाठायला गेल्या. काटा जागेवर आला.

मोजलेल्या आकड्याखाली तांबडी रेघ मारायची असते. पागधऱ्यांनी आपली ओळ काढली, चुरींचा रकाना शोधला आणि तिथल्या त्याच जुन्या शून्याखाली पट्टी लावून रेघ मारली. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मिटली नाही.